आरशातला डावा हात

दत्तोबा डावखुरे. त्या डाव्या हाताचा मार खातच मथुराबाईंचा संसार झाला. अर्धांगवायूनं नेमका तोच हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी लोकांदेखत डोळे पुसले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच निर्धास्त जेवल्या.

मग लेकानं दोघांना धायरीहून सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात आणलं. व्यायाम शिकवणाऱ्या निशा मॅडमनी टेबलावर आरसा उभा केला. लुळा हात आरशामागे, उजवा पुढे.

"आजोबा, उजवा हलवा, पण बघा आरशात. मेंदूला वाटेल डावाच हलतोय. असं रोज फसवलं, की हळूहळू हात सुटेल."

आरशात डावा हात उघडमीट करू लागला. दत्तोबांना रडू फुटलं. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात उचलला.

आरशातला हात तिथंच राहिला. त्यानं बोटं पसरली आणि तो मथुराबाईंकडे वळला.

"मॅडम, त्यो हात बघा की!" मथुराबाई ओरडल्या.

"हलतोय ना? छान!" मॅडम पाठमोऱ्याच म्हणाल्या.

हात वर उगारला गेला. मथुराबाईंनी सवयीनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा आरशात काहीच नव्हतं. मॅडम मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"आजी, तुमच्या गालावर ही बोटं कुणाची उठलीत?"