शब्द माझा

सेवाभावी क्लबच्या दुपारच्या जेवणाला तरुण उद्योजिका बोलायला उभी राहिली, तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या दादाने हातातला घास खाली ठेवला. लहानपणापासून ती अडखळत बोलायची; कारखाना तिचा, पण आजवर चार लोकांत बोलायचा तोच. "मी बनवते हलक्या क…क…" चमचे थबकले. "कढया?" अध्यक्षांनी मदतीला धावून विचारलं. "कात्र्या?" मागून कुणीतरी हसलं. दादा उठू लागला. तिने त्याचा खांदा दाबला. "दादा, तू जेव. शब्द माझा आहे, मीच आणते." पुन्हा दोनदा अडली, पण तिने तो आणलाच. "कुबड्या!" आणि सोबत आणलेल्या खोक्यातली कुबडी काढून एका बोटावर तोलून दाखवली. पुढेही ती अडत राहिली, पण मध्ये कुणी बोललं नाही. टाळ्यांनंतर आभार मानायला उठलेल्या अध्यक्षांना गहिवरून शब्द फुटेना. ती हसली. "सावकाश बोला, आम्हाला घ…घाई नाही."