डिंकाच्या लाडवांचा कागद

शिमग्याला अजून महिना होता, तरी भरत उमरठजवळच्या आपल्या वाडीवर येऊन टेकला. ठकूबाईला लेक आल्याचा आनंद झाला आणि शंकाही आली.

"कामावरनं काढलं काय रे तुला?"

"नाय गो आये, सुट्टी हाय," म्हणत भरतनं हात खिशात घातले. तळव्यांवरचे तांबूस डाग त्याला दाखवायचे नव्हते.

डाग कसले, ते त्याला आठच दिवसांपूर्वी कळलं होतं, तेही नशिबानं. वाडीतला कुणी मुंबईला निघाला की त्याच्या गळ्यात घरोघरच्या पिशव्या पडत. भरतची पिशवी शेजारचा मंगेश आणायचा. आतल्या पुड्यांचे तेलकट कागद भरत न बघताच भिरकावी. या खेपेला मात्र डिंकाचे लाडू आले. कागदाला चिकटलेला चुरा टिपता टिपता त्यानं त्यावरचा मजकूर वाचला.

सिफिलीस. शरीरसंबंधातून लागणारा. आधी न दुखणारा फोड येतो, आपोआप जातो, पण आजार अंगात राहतो. मग हातापायांच्या तळव्यांवर डाग. पेनिसिलिनच्या इंजेक्शनानं बरा होतो, मात्र नवरा-बायको दोघांनी तपासून घ्यायला हवं. बायको पोटुशी असेल तर बाळालाही धोका.

दिवाळीत गावी आला तेव्हा तसाच फोड होता त्याला. त्याआधी मुंबईत एकदा पाय घसरला होता. आणि श्रुतिकाला आता चौथा महिना चालू होता.

फोनवर बोलावं, तर रेंज फक्त देवळाच्या पारावर, आणि पारावर सगळी वाडी बसलेली. म्हणून तो धावत आला होता. बाळाला काही झालं तर स्वतःला कधीच माफ करणार नव्हता तो.

श्रुतिकानं आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्यापुढं केला. तो मागं सरकला.

"प्या हो," ती हसली. "उष्ट्यानं काय होत नाय."

भरतनं चहा घेतला आणि बसमध्ये घोकलेली थाप मारली. "पोलादपूरच्या दवाखान्यात नवा नियम हाय गो. पोटुशीचं नि तिच्या नवऱ्याचं, दोघांचं रक्त तपासतात."

"तुमचं पण घेतील?"

"घेतील की."

"मग उद्याच जाऊ," श्रुतिका म्हणाली आणि गुणगुणत भांडी घासायला बसली.

किती भोळी आपली बायको, या विचारानं भरतला रडू यायचं बाकी राहिलं. आजार बरा झाला की तिच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या दवाखान्यात मीना सिस्टर समोर आल्या. भरतनं घसा खाकरला. "सिस्टर, त्या नव्या नियमाप्रमाणं आमचं दोघांचं..."

सिस्टरांचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. "श्रुतिका, तुझी तर तिन्ही इंजेक्शनं झाली. बाळही छान आहे. आणलंस एकदाचं यांना! माझी पत्रकं वाचली म्हणायची."

"कसली वाचतायत!" श्रुतिकानं भरतचा हात खिशातून ओढून सिस्टरांसमोर उघडा धरला. "एक चटणीला गुंडाळलं, एक कुळथाच्या पिठाला, एक पापडांना. शेवटी लाडवांना गुंडाळलं, तवा कुठं वाचलं."