जिन्याचं वळण

खाली चष्म्याचं दुकान, वर घर. दुकानात ती वडिलांना साहेब म्हणायची, वर गेल्यावर बाबा. नियम त्यांचाच, आणि कडक.

दुकानातली नोकरी सोडून वर्षभर जग फिरायला जायचंय, हे तिने एकदा काउंटरवर सांगायला घेतलं. "साहेब, जरा बोलायचं होतं." तिचा पडलेला आवाज ऐकूनच ते म्हणाले, "घरचं दिसतंय. घरी बोल." घरी जेवताना तिने पुन्हा धीर केला. "बाबा, कामाबद्दल..." "कामाचं कामाच्या जागी. उद्या दहाला."

इकडे आड, तिकडे विहीर. उरला तो मधला जिना.

पण जिन्यात तरी कसं बोलणार? महिनाभर झाला, बाबा वर जाताना वळणावर थांबायचे, तिच्या खांद्यावर हात टेकून उभे राहायचे. "दम लागतो गं हल्ली." अशा माणसाला 'मी चालले' म्हणून सांगायचं? रोज शब्द ओठांपर्यंत यायचे आणि रोज ती ते गिळायची. निघायचा दिवस आठवड्यावर आला.

आजही ते थांबले. तीही थांबली.

"तुझ्या नंबरचे दोन जादा चष्मे बनवलेस," ते म्हणाले, "महिन्यापूर्वी. इतके चष्मे लांब जाणारा माणूसच घेतो."

"बाबा, तुम्हाला दम लागलाय, आधी वर..."

"कसला दम? ही जागा ना घर, ना दुकान. आज बोलशील, उद्या बोलशील, म्हणून रोज थांबत होतो."

आणि तिच्या खांद्यावरचा हात काढून त्यांनी कठडा धरला.