कपाटावरची धूळ

"दिसतोय का मी? आवाज येतोय?" तो लॅपटॉपसमोर ओरडत होता. पडद्यावर साहेब तोंड उघडं ठेवून गोठले, मग तेही गायब झाले.

झालं! बरोबर मीटिंगच्या तोंडावर नेट गेलं. रोजचंच रडगाणं. साहेबांनी कालच बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघ.

तो तणतणत बाहेरच्या खोलीत आला. बाबा शांतपणे कपाट पुसत होते. हल्ली दुपार झाली की त्यांच्या हातात फडकं दिसायचं. म्हातारपणी स्वच्छतेचं खूळच लागलं होतं.

"परत गेलं?" बाबांनी विचारलं.

"खड्ड्यात गेलं! आणि दुरुस्तीवाला म्हणतो, लाइन ठणठणीत आहे. डोकं फिरायची वेळ आलीय."

आई गेल्यावर तो चार दिवसांसाठी म्हणून आला आणि इथेच राहिला. बायकोची नोकरी, लेकीची शाळा लांबच्या शहरात. सुरुवातीला बाबा "जा आता तिकडे" म्हणायचे. बाबांना एकटं सोडायला त्याचं मन होईना. हल्ली तेही म्हणेनासे झाले होते.

मग त्यानं कामासाठी जवळपासच चांगल्या नेटची खोली शोधायला घेतली. बाबा हट्टानं बरोबर.

पहिल्या घरी नेट सुसाट. बाबा म्हणाले, "जिना केवढा! मी येणार कसा?"

दुसरं घर तळमजल्यावर. नेट तर विचारूच नका. बाबांनी भिंतीवर हात फिरवला. "ओल आहे. आजारी पडशील."

तिसरीकडे तर घरमालकिणीच्या तोंडावरच म्हणाले, "शेजार भांडकुदळ दिसतोय." तिनं धाडकन दार लावून घेतलं.

भर रस्त्यात त्याचा संयम सुटला. "तुम्हाला मी घराबाहेर पडलेलाच नकोय! माझी नोकरी गेली तरी चालेल, पोरगा डोळ्यांसमोर हवा!"

थोडं चालल्यावर बाबांनी विचारलं, "सूनबाईकडे नेट कसं आहे रे?"

"उत्तम आहे! इथल्यासारखं दळभद्री नाही. जातो तिकडेच. बसा मग एकटे!"

रागाच्या भरात त्यानं तिकीट काढलं. बाबांनी अडवलं नाही. उलट निमूटपणे त्याचे कपडे घडी करून बॅगेत भरले. तो धुसफुसतच गेला.

महिनाभरानं, जेवणाच्या सुट्टीत त्यानं बाबांना व्हिडिओ कॉल लावला. राग केव्हाच उतरला होता, आता नुसती काळजी वाटत होती. लेक मांडीवर बसली होती. बाबा लख्ख दिसत होते. चित्र एकदाही अडकलं नाही.

"बाबा, नेट कुणी दुरुस्त केलं?"

"झालं बुवा आपलं आपणच," म्हणत बाबा नातीकडे बघून हसले.

त्यांच्या मागे कपाटावर राउटरचा दिवा चालू होता.

"शी, आजोबा! कपाटावर केवढी धूळ बघा! त्या डब्यावर, वायरीवर, सगळीकडे!"

"असू दे गं," बाबा म्हणाले. "आता पुसून काय करायचंय?"