बारावी खुर्ची

गुरुवारी सकाळी दसरूनं चर्चचं पितळी गंगाळ चिंचेनं घासलं, बोरिंगवरून दोन बादल्या पाणी आणलं आणि बारा खुर्च्या एका ओळीत मांडल्या. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून आलापल्लीच्या वाटेवरच्या त्या गावात पाळक दरसाल बारा जणांचे पाय धुतात. गंगाळ घासायचं काम चोवीस वर्षं दसरूकडे होतं. खुर्चीवर तो कधी बसला नव्हता.

संध्याकाळी मंडळी आली ती घरूनच पाय धुऊन. टाचा दगडानं घासलेल्या, नखं कापलेली. वामनरावांनी तर एप्रिलच्या उकाड्यातही नवे मोजे चढवले होते. चंद्रपूरला कॉलेजात शिकवणारी दसरूची मुलगी दिव्यानी सणासाठी आली होती. ती मागच्या बाकावरून पाहत होती.

बारावी खुर्ची रिकामी राहिली. ज्याची होती तो राजुऱ्याला अडकला होता. धनराज पाळकांनी बाकांवरून नजर फिरवली. दसरू खांद्यावर टॉवेल टाकून गंगाळाशीच उभा होता. त्यानं हळूच वाकून पँटचा एक पाय घोट्याच्या वर दुमडला.

वामनराव खाकरले.

"अकराच होऊ द्या," पाळक म्हणाले. "एक शिष्य फितूर झाल्यावर प्रभूच्या मागंही शेवटी अकराच उरले होते."

लोक हसले. दसरूही हसला. त्यानं पँट खाली सोडली आणि पाणी ओतू लागला.

घरी जाताना दिव्यानीनं विचारलं, "काऊन नाई बसले तुमी?"

"बसलो असतो तं वामनराव उठला असता. मंगबी अकराच राह्यले असते."

"हसू नका, बाबा."

"आता रडू का? अवं, त्या रात्री येशूले सारं ठाऊक होतं. कोण धरून देणार, कोण म्हणणार की मी याले ओळखत नाई. तरी त्यानं एकाचेबी पाय सोडले नाई."

"आणि हे त्यातून काय शिकले?"

"टाचा घासाले शिकले," दसरू म्हणाला.

ती हसली नाही. मी याले ओळखत नाई, हे शब्द तिला कुठंतरी लागले होते. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं तिनं 'आरोग्य खातं' एवढंच लिहिलं होतं. तालुक्याच्या मुडदेघरात दसरू तीस वर्षं प्रेतं चिरायचा आणि पुन्हा शिवायचा, हे तिनं बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाला सांगायची गरज नव्हती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दसरूच्या हातचा चहा गावात कुणी घेत नसे. चर्चचं गंगाळ मात्र त्याच हातांनी घासलेलं चालायचं.

शुक्रवारी पहाटे बोरिंगचा दांडा हापसता हापसता दसरू खाली बसला, तो उठलाच नाही.

शेजारच्या गिरजाबाईच्या घरच्या माणसांनी आंघोळ घातली. पाय धुवायची वेळ आली तेव्हा दिव्यानी दारातून म्हणाली, "पाय राहू द्या." दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं समजून त्यांनी राहू दिले. पायांवर बोरिंगजवळचा चिखल वाळला होता.

दुपारी पाळक आले. दोन शब्द बोलायचे होते म्हणून त्यांनी विचारलं, "नोकरीचं काय सांगू?"

"आरोग्य खात्यात होते," दिव्यानीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

चर्चमध्ये शवपेटी उघडी ठेवली होती. सगळे आले होते, कालचे अकराही. पाळक बोलत होते, "दसरूभाऊ आरोग्य खात्यात होते. फार नम्र माणूस. प्रभूनं सांगितलेली सेवा केली, पण मान कधी मागितला नाही."

मान मागितला नाही? दिव्यानीला कालची संध्याकाळ आठवली. भर मंडळीत घोट्याच्या वर दुमडलेला पँटचा एक पाय, याहून अधिक मागायचं कसं असतं?

ती उठली. भिंतीशी दसरूनं काल पालथं घालून ठेवलेलं गंगाळ तिनं उचललं, बादलीतलं पाणी त्यात ओतलं आणि ते पेटीच्या पायथ्याशी आणून ठेवलं. मग चादर बाजूला केली. चिखलाचे पाय उघडे पडले.

"काय करून राह्यली, पोरी?" गिरजाबाई कुजबुजली.

"मी खोटं सांगितलं, पाळकसाहेब," दिव्यानी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत पोचत होता. "माझे बाबा मुडदे शिवत होते. वामनरावकाका, तुमचा प्रफुल ट्रकखाली गेला, तेव्हा काकूंना त्याचा चेहरा पाहाले भेटला. काऊन भेटला? बाबांनी तो चार तास बसून शिवला होता. घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी."

वामनरावांनी मोज्यांतले पाय बाकाखाली ओढून घेतले.

दिव्यानीनं दसरूचा टॉवेल खुंटीवरून काढला आणि पाळकांपुढं धरला.

"काल अकरा झाले. बारावे हे राहिले. मी यांना ओळखते. हे माझे बाबा."