उघडी खाण

“उघडी खाण म्हणजे नेमकं काय रे?” खाणीच्या काठाशी येऊन आईनं विचारलं.

“यात बोगदा नसतो, आई. वरचं सगळं काढून टाकायचं, मग खालचा कोळसा.” मुलगा खाणीत मशीन चालवायचा. बाबा गेल्यावर वर्षभरातच त्याला स्वतःच्या घरावर ते चालवावं लागलं होतं.

“आपलं घर कुठं होतं?”

त्यानं बोट दाखवलं. खाली नाही, अगदी समोर, रिकाम्या हवेत. आई कान देऊन उभी राहिली.

“तुझ्या बाबांचा खोकला काही जात नाही बाई,” ती पुटपुटली.

“चल, भास होतोय तुला,” तो घाईनं म्हणाला.



खाली मशीन बंद केलं की तोच खोकला त्याला रोज डोक्यावरून ऐकू यायचा.