तपशील स्पष्ट

वैजयंतीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि फ्लेमिंगोंच्या मागे तिला डम्पर दिसला.

खाडीकाठी सारसोळ्याच्या जेट्टीवर ती सकाळीच आली होती, ती पक्ष्यांसाठी. हातातला डीएसएलआर तिचा नव्हता. कंपनीने परीक्षणासाठी दिला होता. नवशिक्यांच्या वरचा, धंदेवाईकांच्या खालचा, हौस मनावर घेणाऱ्यांसाठी काढलेला. वैजयंती विम्याच्या ऑफिसात नोकरी करायची आणि फोटोग्राफीच्या एका मराठी साइटवर कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहायची. तिने बरा म्हटलेला कॅमेरा लोक डोळे मिटून घेत.

पलीकडच्या काठावर डम्परची पाठ वर उचलली गेली. फुटक्या टाइल्स, विटा, सिमेंटचे तुकडे तिवरांवर कोसळले. पक्षी उडाले. तिने बटण दाबून धरलं.

"काढा ताई, काढा," मागून कुणीतरी म्हणालं. वामन होता, सारसोळ्याचाच, खेकडे पकडणारा. जेट्टीवर येता-जाता तिच्या ओळखीचा झालेला. "रोज येतान. तिथं माजी जाली व्हती. आता पानी आत यायची वाटच बुजवली."

"तक्रार नाही केलीत?"

"केली. हापिसात बोलतान, फोटू आना."

"देते," वैजयंती म्हणाली.

घरी तिने फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. डम्परची नंबरप्लेट अक्षर न् अक्षर लागत होती. त्याच दिवशी तो तिने वामनच्या मोबाइलवर पाठवला. मग परीक्षण लिहायला बसली. पकड चांगली. कमी उजेडात फोटोला दाणे येतात. उडता पक्षी पकडताना फोकस मागे पडतो. शेवटी तपशिलाचा मुद्दा. तिथे तिने तोच फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'सारसोळ्याच्या खाडीत तिवरांवर राडारोडा टाकणारा डम्पर. इतक्या लांबूनही नंबर वाचता येतो. या वर्गातला दुसरा कॅमेरा एवढा तपशील देत नाही.'

साइट चालवणाऱ्या प्रसादचा फोन आला.

"वैजयंतीताई, लेख एकदम मस्त. फक्त तो डम्पर... फ्लेमिंगोचा एखादा नाही का?"

"आहे ना. पण फ्लेमिंगोला नंबर नसतो."

"कुणाचा डम्पर असेल काय माहीत. उगाच कोर्टकचेरीचं टेन्शन. मी प्लेट तेवढी धूसर करतो."

"प्रसाद, तपशील दाखवायला फोटो लावलाय आणि तू तपशीलच पुसणार?"

"साइट मला चालवायचीये, ताई."

लेख आला. डम्परच्या नंबरप्लेटच्या जागी एक करडा डाग होता आणि त्याखाली तिचं वाक्य जसंच्या तसं. दुपारपर्यंत वाचकांनी धुऊन काढलं. 'हाच का तो तपशील?' 'यापेक्षा माझा मोबाइल बरा.' 'कंपनीने ताईंना काय दिलं?' ते शेवटचं वाचून वैजयंतीची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी प्रसादचा पुन्हा फोन. आवाज उतरलेला.

"कंपनीचा माणूस भडकलाय. म्हणतो, आमच्या कॅमेऱ्याची बदनामी चाललीये. मूळ फोटो लावा, आत्ताच्या आत्ता."

"आणि कोर्टकचेरी?"

"ते बघू पुढचं पुढे."

मूळ फोटो लागला. वैजयंती स्वयंपाक तसाच टाकून स्क्रीनसमोर बसली. आता तरी. प्रतिक्रिया भराभर यायला लागल्या.

'बाप रे, काय शार्प आहे!' 'नंबर चक्क वाचता येतोय.' 'लेन्स कोणती? सोबत मिळते तीच असेल तर उद्याच घेतो.' एकाने ढिगाऱ्यातल्या एका टाइलचा तुकडा मोठा करून टाकला होता. त्या टाइलवरची निळी फुलं किती छान उठलीयेत, ते बघा म्हणाला. त्यावर बदामांचा पाऊस पडला.

तिने लिहिलं, 'त्या फोटोत काय चाललंय ते कुणाला दिसलं का?'

मग कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकून उत्तर दिलं, 'ताई, प्लीज विषय भरकटवू नका. इथे फक्त कॅमेऱ्याबद्दल बोलूया.'

त्याला पटापट दुजोरा मिळाला. वैजयंती उत्तर टाइप करायला लागली. शब्द जुळेनात. जे जुळले ते लिहिण्यासारखे नव्हते. तिने स्क्रीन बंद केला.

पुढच्या रविवारी ती जेट्टीवर गेली. कॅमेरा कंपनीकडे परत गेला होता, हात रिकामे होते. वामन होडीच्या कडेला बसून जाळं सोडवत होता. पलीकडे डम्पर उभा होता, पाठ खाडीकडे करून.

"हापिसात गेलतो," वामन म्हणाला. "फोटू दाकवला. बोलले, फोटू झ्याक हाय, पन ही हद आमची नाय."

वैजयंती होडीजवळच्या पायरीवर टेकली.

"तुमी तो लोकांना पन दाकवला ना? कंपूटरवर?"

"हो."

"बगला त्यांनी?"

"खूप जणांनी बघितला."

वामनचे हात थांबले. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली. "मंग? काय बोलले?"

पलीकडे डम्परची पाठ उचलली गेली. विटा कोसळायला लागल्या. वैजयंतीने तो आवाज संपेपर्यंत वाट पाहिली.

"कॅमेरा चांगला आहे म्हणाले."